दीड तास

२ सप्टेंबर, सोमवार

रक्तदाब १६५/९५. डॉक्टरीणबाईंनी वही दिली, म्हणाल्या, रोज आकडा लिहा. लिहितो. पण नुसते आकडे बघितले की वही दवाखान्याची वाटते, म्हणून खाली दोन ओळी.

चटणीसाठी वीस किलो लाल भोपळी मिरच्या आणल्या, बाल्कनीत भाजल्या. चाळीस वर्षं मी भाजायचो आणि बायको, इग्लिका, सोलायची. आज दोन्ही कामं मीच — एक सोलेपर्यंत दुसऱ्या चार करपायच्या! समोरच्या दारातली दोन्का धूर बघून आली. नाक मुरडतच आली.

"त्सोलो, चटणी करतोयस की रस्त्याला डांबर?"

"तुला कोणी बोलावलं?"

"तुझ्या धुराने."

बसली मात्र. दोन तास मिरच्या सोलल्या, बोटं लाल करून घेतली. जाताना चटणीच्या सहा बरण्या तिला दिल्या. उरल्या चौदा. एकट्या माणसाला चौदा बरण्या कशाला लागतात? हे मिरच्या आणायच्या आधी सुचायला हवं होतं.

पुन्हा निवडणूक. सत्तावीस ऑक्टोबरला. साडेतीन वर्षांत ही सातवी. मी जाणार नाही.

३ सप्टेंबर

१६०/९०. गॅस बंद केला का बघायला तीनदा उठलो. केला होता.

५ सप्टेंबर, गुरुवार

१७५/१००. कारण आहे.

खाली इमारतीच्या दारावर इग्लिकाचं फोटोचं शोकपत्र होतं, माणूस गेल्यावर चाळिसाव्या दिवशी लावतात ते. पावसाने पिवळं पडलं होतं, पण चेहरा दिसायचा. येता-जाता मी "आलो गं" म्हणायचो. आज पाव आणायला उतरलो तर तिच्या जागी निवडणुकीचं पोस्टर, स्तानोय वर्बिनोव! बाह्या दुमडलेल्या, हात कमरेवर. खाली हातभर अक्षरं — "सरळ बोलतो". त्याच्या कोपराखाली तिची काळी चौकट बोटभर दिसत होती.

नखाने खरवडलं. खळ घट्ट होती. तिची हनुवटी फाटली.

दुसऱ्या कोणाचं पोस्टर असतं तर इतकं लागलं नसतं. पण स्तानोय माझा माणूस! दोन वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी सातला टीव्हीवर त्याचं ऐकलंय. बाकीचे बोलतात ते मला कळत नाही. सातवीत शाळा सुटली, भट्टीवर लागलो. भट्टीला व्याकरण लागत नाही. आमचा चिनीमातीचा कारखाना बंद केला तेव्हा ते म्हणाले, पुनर्रचना. गावातलं तातडीच्या उपचारांचं केंद्र बंद केलं तेव्हा म्हणाले, सुसूत्रीकरण. पेटीत कागद आला होता. इग्लिकाने मोठ्याने वाचला, दोनदा वाचला, मग त्यावर बटाटे सोलले. आणि स्तानोय म्हणाला, "माझी आई सांगायची, कोंबडी चोरलीस तर चोरली म्हण. तुमचा दवाखाना चोरलाय, लोकहो!" हे कळलं. कळलं की बरं वाटतं. आपण मूर्ख नाही असं वाटतं.

ते केंद्र आमच्या दारापासून चार मिनिटांवर होतं.

जाऊ दे.

९ सप्टेंबर

बुटांच्या जुन्या दुकानात स्तानोयचं कार्यालय उघडलंय. तक्रार करायला गेलो. जाताना वाटेत सगळं पाठ केलं होतं, आत गेल्यावर विसरलो. मिरेला नावाची मुलगी आहे, हुशार, नखं निळी. तिने कॉफी दिली. "आजोबा, मी त्यांना सांगते," म्हणाली. सगळे असंच म्हणतात.

११ सप्टेंबर, बुधवार

तो आला! स्वतः आला!

अकराच्या सुमाराला खालून हाका. मी स्लिपरवरच उतरलो. दारात स्तानोय, मागे तीन-चार जण. पोस्टरवर दिसतो त्यापेक्षा बुटका आहे. सूर्यफुलाच्या बिया चघळत होता.

"आजोबा, ही तुमची?"

"माझी."

मागे वळून म्हणाला, "गधड्यांनो, मेलेल्या बाईच्या तोंडावर माझं थोबाड चिकटवलंत?" आणि खिशातून किल्ली काढून स्वतः खरवडायला लागला. इस्त्रीची विजार, आणि गुडघे खाली फरशीवर! चेहरा काही वाचला नाही, लगदाच निघाला. मग पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"कशाने गेल्या?"

"हृदय."

"गाडी किती वेळाने आली?"

पाच महिन्यांत हे कोणी विचारलं नव्हतं. पाद्रीबाबांनी विचारलं की ती चर्चला यायची का. पेन्शनच्या खिडकीतल्या बाईने दाखला विचारला. रुमेना, माझी मुलगी, इटलीहून विचारते की बाबा, जेवता ना.

"दीड तास," मी म्हणालो.

तो बिया चघळायचा थांबला. "दीड तास," म्हणाला. मग हळू आवाजात, "आजोबा, तिला त्यांनी मारलं. सरळ बोलतो, राग मानू नका."

राग? मी सगळ्यांदेखत रडलो. त्याने माझी मान धरून डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. दोन्का जिन्यात उभी होती, कचऱ्याची बादली हातात. ती तशीच बादली घेऊन वर गेली.

रक्तदाब १७०. पण छाती हलकी. मत देणार.

१९ सप्टेंबर, गुरुवार

घरी एकट्याला त्याचं ऐकवत नाही, म्हणून चौकातल्या कॅफेत गेलो. कार्यक्रमात त्याने इग्लिकाबद्दल सांगितलं. नाव घेऊन! "चौथ्या मजल्यावरची इग्लिका, चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, आणि या राज्याने तिला दोन तास फरशीवर मरायला ठेवलं." कॅफेत कोणी पेला उचलला नाही. मालकाने माझ्यासमोर राकिया दारूचा पेला आणून ठेवला.

ती शिक्षिका नव्हती. कारखान्यात कपांच्या कडेला निळी रेघ ओढायची. एका दमात ओढायची, कप फिरवत. आणि दोन तास नाही. आणि फरशीवर तर नाहीच.

पण एवढ्या गावांची एवढी माणसं — कोणाचं काय, होतो गोंधळ. शिक्षिका म्हणाला तर तिचा मानच वाढला.

२२ सप्टेंबर

रुमेनाचा फोन. बेर्गामोत एका म्हातारीला सांभाळते ती.

"बाबा, इथल्या आपल्या सगळ्या बायकांनी ऐकलं. रडल्या. पण दोन तास? मला तर दीड म्हणाला होतात."

"त्याला नीट ऐकू आलं नसेल."

"मी असते तिथे तर..."

"तू असतीस तर काय केलं असतंस?" — जोरात बोललो. का कोण जाणे.

तेवढ्यात मागून त्या म्हातारीने हाक मारली. रुमेना "आले, आले" म्हणत फोन ठेवून गेली. पहिल्या हाकेलाच जाते.

२६ सप्टेंबर

१७०/१००. येन्चोच्या गॅरेजच्या दारावर कोणीतरी लाल रंगाने लिहिलंय — "खुनी".

येन्चो म्हणजे आमचा अर्धा डॉक्टर. रुग्णवाहिकेवर असतो, सुई देतो, हृदयाची पट्टी काढतो. पूर्ण डॉक्टर कधीच निघून गेले, कोणी राजधानीत, कोणी परदेशात. गाडी आता जिल्ह्याच्या गावात उभी असते. तीन खोरी आणि एक येन्चो. त्याचा बाप कोल्यो भट्टीवर माझ्या जोडीला होता. त्या दिवशी लिफ्ट बंद होती, येन्चोने आणि ड्रायव्हरने इग्लिकाला ब्लँकेटमध्ये घालून चार मजले उतरवलं. दर पायरीला "सावकाश, काकू, सावकाश" म्हणत होता. ती तेव्हा ऐकत तरी होती का, कोण जाणे.

आज पावाच्या दुकानात तो पुढे होता. बायका त्याच्यापासून सरकून उभ्या राहिल्या. मी मागे होतो. पावांकडे बघत राहिलो.

१ ऑक्टोबर

मिरेला घरी आली. सहा महिन्यांची शोकपत्रं छापून आणली, पक्षातर्फे, पन्नास. केवढी मोठी! एरवीच्या चौपट. फोटोही छान काढलाय, सुरकुत्या गेल्या. मी मजकूर सांगितला होता, "प्रिय पत्नी, आई, शेजारीण. सहा महिने." त्यांनी त्याखाली घातलंय, "रुग्णवाहिकेची वाट पाहत गेली. आम्ही विसरणार नाही."

"आम्ही कोण?" मी विचारलं.

"आपण सगळे, आजोबा."

एका कागदावर सही घेतली. "साधी तक्रार आहे, रीतसर असावी म्हणून." चष्मा स्वयंपाकघरात राहिला होता. उठलो नाही. केली सही.

२ ऑक्टोबर

पिठाची खळ केली, बादली घेऊन निघालो. दुकान, चौक, चर्चचं फाटक, बसचा थांबा, सगळ्या खांबांवर. शोकपत्र घरच्या माणसानेच लावायचं असतं. तेवीस लावली, कंबर मोडली. एक येन्चोच्या खोलीच्या दारावर लावलं, गाडी गावात आली की तो थांबतो तिथे. तिथे का लावलं? सगळ्या दारांवर लावत होतो, त्यावरही लावलं.

३ ऑक्टोबर

दोन्का दारात. आत ये म्हटलं तर आली नाही.

"त्सोलो, त्या दिवशी तू माझं दार ठोठावलंस तेव्हा मी पावाचं पीठ नुकतंच मळून झाकलं होतं."

"मग?"

"गाडी आली, तिला नेलं. मी घरात आले. पीठ अजून फुगलं नव्हतं."

"मी काय तुझं पीठ बघत होतो?"

"तू नव्हतास. मी बघत होते. पाऊण तास लागतो पिठाला. दीड तास नाही, दोन तास तर नाहीच. तो पोरगा रोज गॅरेजचं दार घासतोय, रंग जात नाही."

"स्तानोय आपल्यासाठी भांडतोय, आणि तू पीठ घेऊन बसलीस!"

"भांडू दे की. मीही त्यालाच मत देणार आहे. मी तुला विचारतेय."

दार मी लावलं. पहिल्यांदा तिच्या तोंडावर दार लावलं. चाळीस वर्षांची शेजारीण.

४ ऑक्टोबर

दोन्का जिन्यात भेटली. बोलली नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

येन्चो भेटला. भेटला कसला, माझीच वाट बघत थांब्यावर उभा होता, माझ्याच शोकपत्राखाली.

"नमस्कार, त्सोलोकाका. माझ्या खोलीच्या दारावर खळ छान लावलीत. निघत नाही."

मी बसचं वेळापत्रक वाचायला लागलो.

"कागद आहे माझ्याकडे. तुमचा फोन आठ दहा. आम्ही तुमच्या दारात आठ सेहेचाळीस. छत्तीस मिनिटं. त्या घाटातून, त्या टायरांवर! ड्रायव्हर बासष्ट वर्षांचा आहे, उतरला तो गाडीला टेकूनच उभा राहिला. दिसलं नाही तुम्हाला?"

"मी काय बघणार होतो तेव्हा—"

"मग दीड तास कुठून आणलात?"

म्हणालो, मला तेवढा वाटला. तो हसला. चांगलं हसू नव्हतं.

"तुमच्या सहीची तक्रार जिल्ह्याला गेलीय. मला कामावरून थांबवलंय. एकवीस नोव्हेंबरला चौकशी. तक्रार टिकली तर माझा परवाना जातो. मग इथेही नाही आणि जर्मनीतही नाही. जर्मनीतून नोकरीचं पत्र आलं होतं दोन वर्षांपूर्वी, काका. मी गेलो नाही. कोल्योचा पोरगा आहे ना, मूर्ख."

सही साधी आहे म्हणाली होती ती मुलगी. साधी!

१८०/१०५. गोळी घेतली. घेतली की नाही आठवेना, अर्धी अजून घेतली.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सहा महिने.

स्मशानात गेलो. तिच्या नावाने वाटायचे गहू मीच शिजवले, साखर जास्त झाली. वाइन ओतली थडग्यावर, मेणबत्ती वाऱ्याने तीनदा विझली. दोन्का आली होती; दुसऱ्या बाजूला उभी राहिली, गहू घेतले, "देव तिला क्षमा करो" म्हणाली आणि गेली. स्तानोयकडून मोठा हार आला. फितीवर नाव सोनेरी. इग्लिकाच्या दगडावरच्या नावापेक्षा त्याचं मोठं.

तिच्याशी बोलायला काही सुचलं नाही. मिरच्या करपल्या एवढं सांगितलं.

१७ ऑक्टोबर

मिरेला म्हणते, चोवीसला जिल्ह्याच्या गावात शेवटची सभा, आजोबा, तुम्हीच दोन शब्द बोला. मी म्हटलं, आधी मला त्याला भेटू दे.

गाडीत भेटला. मांडीवर कागदात चीजची बानित्सा, मिशीत तुकडे. मला अर्धी दिली. मी हिय्या करून सांगितलं, दीड तास नव्हे, छत्तीस मिनिटं. कागद आहे.

वाटलं, चिडेल. चिडला नाही. तोंडातला घास गिळून म्हणाला, "बरं. छत्तीस. हृदय बंद पडणाऱ्या बाईला छत्तीस मिनिटं चालतात?"

"नाही."

"तुमचं केंद्र उघडं असतं तर किती लागली असती?"

"चार."

"मग सांगा, खोटं मोठं कोणाचं? त्यांचं की माझं?" मिशी पुसली. "आजोबा, मी घड्याळ नाही. मी भोंगा आहे. तुम्ही कारखान्यातले, तुम्हाला माहीत आहे. भोंगा हळू वाजवला तर कोणी उठतं का?"

"आणि येन्चो?"

"त्याला मी काही करणार नाही. पण मी आता मागे फिरलो तर ते म्हणतील, बघा, खोटारडा. मग केंद्रही गेलं. तुम्हाला काय हवंय?"

मला काय हवंय! कितीतरी वर्षांत हे कोणी विचारलं नाही. आणि तो बरोबर बोलत होता, हे वाईट. सगळं बरोबर बोलत होता.

२२ ऑक्टोबर

काही खाल्लं नाही. फक्त पाव आणि चटणी. करपलेली चव लागते, पण लागते.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

सभा. चौक गच्च. माणसं कशी होती — माझ्यासारखी. जुने कोट, हातात पिशव्या, कोणाचा मुलगा स्पेनमध्ये, कोणाची मुलगी ग्रीसमध्ये. माझ्याशेजारी एक बाई होती, तिच्या गावात आता सतरा माणसं राहतात म्हणाली. "तो आम्हाला माणसं म्हणतो," म्हणाली. "बाकीचे लोकसंख्या म्हणतात."

मला वर चढवलं. माइक थंड. छत्तीस म्हणायचं ठरवलं होतं, बसमध्ये ओठातल्या ओठात घोकलं होतं. समोर तेवढे चेहरे. सगळे वाट बघत. दीड तास म्हणालो. दीड तास, तिला दीड तास वाट बघावी लागली. आवाज फाटला तो खरा फाटला. बायका रडल्या. उतरलो तर एक म्हातारा, माझ्याहून म्हातारा, माझा हात हातात घेऊन सोडेना. "माझीही अशीच गेली," म्हणाला.

घरी येऊन आडवा झालो. सहा महिन्यांत पहिल्यांदा सलग झोप लागली. हे लिहायला लाज वाटते.

२७ ऑक्टोबर, रविवार

मत दिलं. रांगेत येन्चो दोन माणसं पुढे होता. त्याच्यामागे जागा मोकळी सोडली होती सगळ्यांनी.

२८ ऑक्टोबर

स्तानोय निवडून आला. कॅफेत ढोल-सनई. मला खांद्यावर घेणार होते, मी म्हटलं कंबर दुखते.

६ नोव्हेंबर

वाटलं होतं, आता तो विसरेल. मिरेलाला फोन केला तर नंबर चालू! म्हणाली, केंद्र उघडतंय आजोबा, अठराला. एक खोली, दोन खाटा. आणि रुग्णवाहिका, स्तानोयने स्वतःच्या खाणीच्या पैशातून आणलीय. शब्द पाळला. इतक्या वर्षांत शब्द पाळणारा पहिला माणूस. धावत जिन्यात गेलो, दोन्काला सांगितलं.

"आणि गाडीवर कोण असणार?" ती म्हणाली.

इतक्या दिवसांनी बोलली, तर हे.

१४ नोव्हेंबर

जिल्ह्याचं पत्र. चष्मा लावून वाचलं, तीनदा वाचलं. एकवीसला दहा वाजता हजर राहून तक्रार कायम आहे की नाही हे सांगायचं. हजर राहिलो नाही तर कायम धरली जाईल.

म्हणजे घरी बसलो तरी पुरे. काहीच करायला नको.

१८ नोव्हेंबर, सोमवार

केंद्र उघडलं. गाडी पांढरीशुभ्र. बाजूला घासलेली जर्मन अक्षरं उन्हात अजून दिसतात. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं. भिंतीवर दगडी पाटी, तिच्यावरचा पडदा मी ओढायचा होता. ओढला.

"इग्लिका वुतोवा कक्ष. दीड तास मदतीची वाट पाहत गेलेल्या आपल्या भगिनीच्या स्मरणार्थ."

दगडात कोरलंय. आत, खोल.

स्तानोयने मला मिठी मारली, फोटो निघाले, तो गेला. दुपारी मी परत गेलो, म्हटलं कोणी आहे का बघावं. दाराला कुलूप. कुलपावर चिठ्ठी, "वैद्यकीय कर्मचारी मिळेपर्यंत जिल्ह्याला फोन करावा." खिडकीतून खाटा दिसतात. प्लास्टिकही काढलेलं नाही.

दोन्का मागे उभी होती. भाजीची पिशवी घेऊन.

"खोली आहे, खाट आहे, गाडी आहे. तिचं नाव आहे. आता तेवढा माणूस घालवून टाक."

"मी काय करू, दोन्का?"

"मला काय विचारतोस? मी पीठ मळणारी बाई."

पण घरापर्यंत माझ्याबरोबर चालली. जिन्यात तिसऱ्या मजल्यावर मी दम घ्यायला थांबलो, तर तीही थांबली.

२० नोव्हेंबर

१८५/११०. बस सात वीसला आहे. चांगला शर्ट धुतला, वाळला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

रक्तदाब घेतला नाही.

गेलो. येन्चो बाकावर बसला होता, माझ्याकडे बघितलं नाही. टेबलामागच्या बाईने विचारलं, तक्रार कायम? म्हणालो, नाही, लिहा. फोन आठ दहाला, गाडी आठ सेहेचाळीसला, येन्चोचा दोष नाही. ती म्हणाली, पुरे, सही करा. म्हणालो, पुरे नाही, पुढे लिहा. दीड तास हे खरं आहे. छत्तीस मिनिटं गाडीची. त्याआधीचा एक तास माझा. सात दहाला तिच्या छातीत दुखायला लागलं. येन्चोने आल्या आल्या विचारलं होतं, कधीपासून दुखतंय, तर मी म्हणालो, आत्ताच. सात ते आठ स्तानोय बोलत होता. तिने स्वयंपाकघरातून दोनदा हाक मारली. मी टीव्हीचा आवाज वाढवला.